तीन नंबरचा बोर्ड

मार्चमधल्या एका गुरुवारी आमच्या कॉलेजात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तीन नंबरच्या बोर्डावरचा ट्रान्झिस्टर उलटा बसलेला होता. सायलीने चिठ्ठी उचलली आणि तिला तो बोर्ड मिळाला. संध्याकाळी इनास सरांनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि ते गासला घरी गेले.

मी त्यांच्यासोबत त्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. सावंतवाडीकडून विरारला राहायला आले, वसईच्या या कॉलेजात लागले, तेव्हा ते भौतिकशास्त्र विभागात जुने झाले होते. कॉलेजात ते मला मॅडम म्हणत आणि गासच्या घरी गेलं की बाय. दोन्हीची सरमिसळ त्यांनी कधी केली नाही. घरी मी चुकून कॉलेजचा विषय काढला तर म्हणत, "बाय, ते मॅडमशी बोलेन सोमवारी."

बुटके, रुंद खांद्यांचे. शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं टोक वर. सकाळी सहाची चर्चमधली मिस्सा, मग केळीच्या वाडीला पाणी, मग स्कूटरवरून कॉलेज. नखांत कधी माती असायची, कधी सोल्डरिंगचा काळेपणा. वर्गात ते फार बोलत नसत. त्यांची खरी जागा प्रयोगशाळा. तिथे त्यांचं एक वाक्य दिवसातून कितीदा ऐकू यायचं, "मीटर काय म्हणतो?"

मुलगा सांगायचा, सर, पुस्तकात असं असं लिहिलंय. "ते पुस्तक म्हणतं. मीटर काय म्हणतो?" मुलगी सांगायची, सर, मागच्या बॅचला असं आलं होतं. "त्यांचा मीटर त्यांना बोलला. तुझा काय म्हणतो?" घरीही हेच. त्यांच्या पत्नी ज्युलीबाय एकदा मला म्हणाल्या, "कालवणात मीठ कमी झालं का विचारलं, तर चमचा माझ्याच पुढे करतात. म्हणतात, मीटर तुझ्या तोंडात आहे." गावातल्या डॉक्टरांनी एकदा त्यांचं ब्लडप्रेशर एकशे वीस-ऐंशी सांगितलं. सर उठले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, माझ्या आधीच्या तिघांनाही तुम्ही हेच सांगितलंत. पुन्हा घ्या." डॉक्टरांनी पुन्हा घेतलं. एकशे अडतीस निघालं. सर खूश होऊन घरी आले, आणि ज्युलीबायनी त्या दिवसापासून त्यांचा सुका बोंबील बंद केला.

उपमांचा त्यांना राग होता. ट्रान्झिस्टर शिकवताना आम्ही सगळेच काहीतरी उपमा देतो. त्याला तीन पाय, बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमध्ये अगदी थोडा करंट सोडला की कलेक्टरमधून त्याच्या शंभर-दोनशे पट करंट वाहतो. मग आम्ही म्हणतो, हा नळासारखा, तोटी थोडी फिरवली की पाण्याची धार. एका मुलाने जर्नलमध्ये वसईच्या वाडीतल्या पाटाची सुंदर उपमा लिहिली होती. एका बोटाने फळी सरकवली की बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी साऱ्या वाफ्यांत जातं, वगैरे. मला वाटलं सर खूश होतील, वाडी तर त्यांचीच होती. त्यांनी खाली लाल शाईने लिहिलं, "फळी छान. काटा कुठे आहे?"

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उपमा पोरांना आवडते ना मॅडम, म्हणूनच नको. उपमा मिळाली की ती मीटरकडे बघतच नाहीत."

त्यांच्या लेखी ट्रान्झिस्टरचं वागणं दोन आलेखांत होतं. एक इनपुटचा. बेसवरचं व्होल्टेज वाढवत न्या, बराच वेळ काहीच घडत नाही, मग सहा दशांश व्होल्टच्या आसपास करंट एकदम उसळतो. दुसरा आउटपुटचा. बेसचा करंट एका जागी धरा आणि कलेक्टरचं व्होल्टेज वाढवा. करंट झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. पुढे व्होल्टेज कितीही वाढवा, तो फारसा हलत नाही. त्याला हलवायचं तर बेसकडेच परत जावं लागतं. हे दोन आलेख मुलांना तोंडपाठ असत, आणि तोच त्रास होता. पाठ असलेल्या आलेखावरून मागे जाऊन रीडिंग बनवायला किती वेळ लागतो? निम्म्या जर्नलांतले आलेख छापल्यासारखे यायचे. असा आलेख समोर आला की सर तो हातभर लांब धरायचे. "फार छान आहे," म्हणायचे. त्यांचं 'फार छान' ऐकलं की जुनी मुलं हळूच वही मागे घ्यायची.

यावर त्यांनी एक युक्ती काढली होती.

आमच्या बोर्डांवर ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसतो. त्याची एक बाजू गोल, एक चपटी. बेस मधला पाय. त्यामुळे ट्रान्झिस्टर उपसून, चपटी बाजू दुसरीकडे करून पुन्हा बसवला तर बेस आपल्या जागी राहतो आणि कलेक्टर व एमिटर यांची अदलाबदल होते. गंमत अशी की तो बंद पडत नाही. इनपुटचा आलेख अगदी बरोबर येतो. आउटपुट मात्र क्षीण. जिथे दीडशे-पावणेदोनशे पट करंट यायचा तिथे जेमतेम पाच पट. सर वर्षभर एक बोर्ड असा उलटा ठेवत. दर आठवड्याला वेगळा. मुलांना माहीत नसे, फक्त त्यांना आणि मला. त्या बोर्डावर बसलेली बहुतेक मुलं काटा हलत नाही हे पाहून शेजारच्याकडे बघत आणि शेजारच्यासारखं लिहीत. एखादंच पोर हात वर करी.

"सर, बोर्ड मेलाय."

"मेलेला बोर्ड करंट देतो?"

"देतो, पण भिकाऱ्यासारखा."

"मग भिकाऱ्यासारखा लिही की. लाज त्याला, तुला कशाला?"

आणि त्या मुलाने खरंच तसं लिहिलं की सर त्याच्या टेबलावर वाडीतल्या वाळवलेल्या केळ्याची सुकेळी ठेवत, केळीच्या वाळक्या पानात गुंडाळलेली. मग त्याला चपटी बाजू दाखवत. अट एकच, इतरांना सांगायचं नाही. "बघितलं तर दिसतं," ते मला म्हणत. "पण बघतं कोण?"

मला ती युक्ती आवडायची. सुकेळीची वाट मीही बघायची, कारण एक माझ्या टेबलावर पण यायची.

सायली आचोळ्याहून यायची. वडील वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मूळ गाव चिपळूणजवळ. ती बोलायला हळू आणि लिहायला त्याहून हळू. तिचे आलेख कधी छापल्यासारखे आले नाहीत. एक बिंदू हमखास रेषेबाहेर असायचा आणि तो तिने खोडलेला नसायचा. सर तिची वही हातभर लांब कधी धरत नसत. उलटा बोर्ड मात्र वर्षभरात एकदाही तिच्या वाट्याला आला नाही. एकदा मी सरांना म्हटलं, तिच्याकडे ठेवा की. ते म्हणाले, "तिला कशाला? तिची सुकेळी तिने कधीच खाल्ली." तिने एम.एस्सी. करावं असं त्यांच्या मनात होतं आणि तसं त्यांनी तिला सांगितलंही होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी उलटा बोर्ड सुलटा करायचा हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी दुपारी गासहून फोन आला, त्यांच्या पाखाडीतला, म्हणजे आळीतला, एक म्हातारा गेला होता. सर लगेच निघाले. जाताना बोर्डाचं काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात तीन नंबर उलटा होता हे मला माहीत होतं. दफनविधी उरकून ते कशाला परत येतील, असं वाटून मी तो ट्रान्झिस्टर काढून सरळ बसवला आणि घरी गेले.

सर परत आले, हे मला नंतर कळलं. दफनभूमीतून थेट, काळ्या पँटीवर माती तशीच. शिपायाकडून किल्ली घेतली. दिवा लावला नाही. तीन नंबरपाशी जाऊन सवयीच्या हाताने ट्रान्झिस्टर उपसला, फिरवला, बसवला. बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा संपायला थोडा वेळ असताना बाहेरून आलेले परीक्षक सायलीच्या टेबलापाशी थांबले. मुंबईच्या एका कॉलेजातले, शांत गृहस्थ होते. तिचा आउटपुटचा आलेख त्यांनी पाहिला, मग मीटर पाहिला.

"बेटा, ही रीडिंग कुठून आली?"

"घेतली, सर."

"या बोर्डावर?"

ती जराशाने म्हणाली, "हो."

"माझ्यासमोर एक घे."

तिने बेसचा करंट वीस मायक्रोअँपिअरला आणला. कलेक्टरच्या मीटरचा काटा जागचा जेमतेम उठला.

"तू लिहिलंयस साडेतीन मिलिअँपिअर. काटा कुठे आहे?"

सर पलीकडच्या टेबलावरून आले. खाली वाकले. आता त्यांनी बघितलं. चपटी बाजू त्यांच्याकडे होती. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "बोर्ड चुकलाय. ट्रान्झिस्टर उलटा आहे. मी लावलाय."

परीक्षकांनी मान हलवली. "बरं. होतं असं. तिला दुसरा बोर्ड देऊ. पण सर, बोर्ड उलटा आहे म्हणून करंट कमी आला असता. हिने कमी लिहिलेला नाही, बरोबर लिहिलाय. जो इथे येऊच शकत नाही तो लिहिलाय. तो कुठून आला?"

सायली इनास सरांकडेच बघत होती. परीक्षकांकडे नाही, माझ्याकडे नाही.

परीक्षकांनी प्रकरण वर नेलं नाही. उरलेल्या वेळात तिने दुसऱ्या बोर्डावर अर्धा प्रयोग केला. त्या प्रयोगाचे गुण मात्र त्यांनी कापले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. ती पास झाली. एम.एस्सी.ला लागतील इतके गुण मिळाले की नाही हे काठावर होतं. तिने अर्जच केला नाही.

मी आदल्या दुपारी काय केलं होतं ते सरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. दोघांनी एकाच ट्रान्झिस्टरला सुलटा करायला हात लावला होता. ते कुलूप लावत होते. म्हणाले, "तुम्ही सरळ केला होतात, मॅडम. उलटा मी केला." मी म्हटलं, मी न सांगता केला. ते म्हणाले, "बघितलं असतं तर दिसलं असतं." मी आणखी काही बोलणार होते, पण त्यांनी किल्ली खिशात टाकली होती. त्यानंतर हा विषय काढला की ते हेच वाक्य बोलत, आणि माझा वाटा मला कधी मिळाला नाही.

युक्ती त्या दिवशी संपली. पुढच्या वर्षी त्यांनी सगळे ट्रान्झिस्टर सॉकेट काढून थेट सोल्डर केले. मुलांचे आलेख जसे यायचे तसे येत राहिले, छापल्यासारखे. सर ते हातभर लांब धरत नसत. सही करत आणि पुढची वही घेत. "मीटर काय म्हणतो" हे मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं.

त्यांनी पापनिवेदन केलं होतं. ज्युलीबायकडून कळलं. फादर म्हणाले होते, चूक होती, पाप नव्हतं. सर घरी येऊन म्हणाले, "फादरला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही." ज्युलीबाय हे सांगताना हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

परीक्षेनंतरच्याच जूनमध्ये एका सकाळी ते आचोळ्याला गेले. त्यांनी स्वतःच मला सांगितलं, सोमवारी, कॉलेजात. चाळीवजा इमारत, दुसरा मजला. सायलीचे वडील ड्युटीवर निघत होते, हातात डबा. त्यांनी सरांना नमस्कार केला, "सर आलेत, चहा टाक" असं आत सांगितलं आणि ते गेले. आईने चहा दिला. सायली समोर बसली. सरांनी आईदेखत माफी मागितली.

"मग?" मी विचारलं.

"आई म्हणाली, कसली माफी? तिने घरी काही सांगितलं नव्हतं."

सायली त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे म्हणाली, "सर, घरी कुणी मला काही विचारत नव्हतं. तुम्ही आलात, आता विचारतील. परत नका येऊ, प्लीज."

ते परत गेले नाहीत. निवृत्त झाले, वाडीत रमले, असं लोक म्हणत. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. बावखलाच्या काठावर दोन खुर्च्या टाकून बसायचो. केळीवरच्या रोगाबद्दल बोलायचे, नव्या रस्त्याच्या मोजणीबद्दल बोलायचे. सायलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ते नाव घेत नाहीत म्हणजे विसरत चाललेत, असं मला सोयीचं वाटायचं. मग त्यांच्या हृदयाचा आजार निघाला आणि वाडीचं काम बंद झालं.

त्या सुमारास चंदनसारला माझ्या भाचीसाठी क्लास बघायला गेले होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बारावीचा वर्ग चालू होता. फळ्यापाशी सायली. मला पाहून तिने खडू खाली ठेवला. बाहेर येऊन पहिलं वाक्य, "मॅडम, सर कसे आहेत?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी येऊ शकते का?"

रविवारी ती गासला आली. सर ओट्यावर होते, अंगावर शाल. तिला पाहून उठायला लागले, ज्युलीबायनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"काय शिकवतेस?"

"फिजिक्स, सर. बारावी."

"ट्रान्झिस्टर?"

"शिकवते. क्लासमध्ये मीटर नाहीत, सर. तयार रीडिंग देते, पोरं ग्राफ काढतात."

सरांनी तिच्याकडे बघितलं. ती ओशाळून म्हणाली, "मला माहितेय, सर."

"नाही नाही," ते म्हणाले. "मीटर नसेल तर काय करशील तू." मग शालीचं टोक बोटांत धरून, तिच्याकडे न बघता, त्यांनी तिला विचारलं, "बाय, त्या दिवशीची रीडिंग. ती कुठून आली होती?"

हा प्रश्न त्यांनी आचोळ्याला विचारला नव्हता.

"माझीच होती, सर. डिसेंबरमधली. त्याच बोर्डावर घेतली होती. पाठ होती मला."

"तुझीच?"

"हो. काटा हलेना तेव्हा वाटलं, मीच काहीतरी चुकतेय. बोर्ड तुमचा होता ना. तो चुकेल असं वाटलंच नाही. म्हणून आधीची लिहिली."

"म्हणजे खरी होती," ते म्हणाले.

"खरी होती. त्या दिवशीची नव्हती."

ज्युलीबाय चहा घेऊन आल्या. सायलीने तिच्या वर्गातल्या मुलांच्या नकला केल्या, एक मुलगा करंटला 'करंट भाऊ' म्हणतो ते सांगितलं, आणि सर हसले. निघताना ती चपला घालता घालता म्हणाली, "सर, एक सांगायचं होतं. एम.एस्सी. मी त्यामुळे नाही सोडलं. बाबांची नोकरी गेली होती तेव्हा. मला कमवायचं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"बरं," सर म्हणाले. "बरं झालं सांगितलंस."

ती रिक्षात बसली. सर शाल सावरत फाटकापर्यंत चालत गेले, डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली असूनही. मी मागून गेले. रिक्षा चर्चच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते फाटकाची कडी धरून उभे होते.

"चांगली पोर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी जूनमध्ये गेलो तेव्हा वडील ड्युटीवर निघाले होते, बाय. डबा हातात होता."

मी म्हटलं, नोकरी त्यानंतर गेली असेल. प्रवेश पुढे असतात.

"असेल," ते म्हणाले. "छान सांगितलं तिने. फार छान."

मग ते वळले आणि माझ्या हाताच्या आधाराने ओट्याकडे चालू लागले. त्यांची माझी ती शेवटची भेट.

इनास सर गेले त्याला वर्ष होत आलं. सायली चंदनसारला शिकवते. माझी भाची तिच्याच क्लासला जाते, त्यामुळे आमचं अधूनमधून बोलणं होतं. तिच्या वडिलांची नोकरी नक्की कधी गेली, हे मी तिला विचारलेलं नाही.